वहीत नसलेला थेंब

इस्माईलचाचा, तुमच्या थापांची वही आत्ता माझ्यासमोर टेबलावर पडली आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. शाळेतले नवे सर म्हणाले, "बाई, चाचांवर काहीतरी लिहून द्या, फलकावर लावू. जन्म, शिक्षण, कार्य, असं." मी म्हटलं, जन्म त्यांचा त्यांनाच नीट ठाऊक नव्हता, शिक्षण तिसरीपर्यंत, आणि कार्य म्हणाल तर तीस वर्षं मला छळणं. सर हसले नाहीत. म्हणून फलकाचं काम त्यांच्यावरच सोपवलं आणि हे तुम्हालाच लिहायला घेतलं.

आधीच सांगते, मी रडले नाही. नसरीन गळ्यात पडून रडली तेव्हा मी तुमच्या लेकीच्या पाठीवर हात ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. त्याचं पान कुणी उलटलं नव्हतं, मागचाच महिना होता. तुम्हाला नेलं तेव्हा आम्ही बायका दारातच थांबलो. गर्दी गल्लीच्या तोंडाशी वळली आणि नेमका तेव्हाच हायवेवरून एक ट्रक लांबलचक भोंगा वाजवत गेला. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "सलामी दिली बघा बाई." मी म्हटलं असतं, म्हैस आडवी आली असेल. तीस वर्षं हे असंच चाललं. आता माझं वाक्य तेवढं उरलंय आणि ते कुणाला ऐकवावं हे कळत नाही.

नळदुर्गच्या किल्ल्याच्या दरवाजात तुम्ही उभे असायचात. सरकारी बिल्ला नाही, टोपी नाही. हातात काळी छत्री, तीही ऊन-पाऊस नसताना, बोटासारखी वापरायला. आला-गेला माणूस तुम्ही आत घेऊन जायचात आणि त्याला किल्ला सांगायचात. दाखवायचात असं मी मुद्दाम म्हणत नाही. दाखवायला तिथं सगळं उघडंच आहे.

मी कळंबची. इथल्या शाळेत इतिहास शिकवायला आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि जगात जे काही आहे त्याला पुरावा असतो अशी माझी खात्री होती. रुजू होऊन तीन महिने झाले नाहीत तोच सातवीचा वर्ग घेऊन किल्ल्यावर आले. बोरी नदी भरून वाहत होती. नर आणि मादी नावाचे दोन्ही सांडवे धबधब्यासारखे दणदणत कोसळत होते. पाणीमहाल म्हणजे काय ते मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलंच होतं. आदिलशाहीच्या काळात नदीवर धरण बांधलं आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल काढला. वरून नदी वाहते, आत माणूस कोरडा बसतो. इतकं पुरेसं होतं. हेडमास्तरांनी मात्र तुम्हाला बरोबर दिलं, "चाचा असले की पोरं पळत नाहीत" म्हणून.

पोरं खरंच पळाली नाहीत. त्या अरुंद पायऱ्यांनी तुम्ही त्यांना खाली नेलंत, खिडकीशी मांडी घालून बसवलंत, आणि छत्री भिंतीला टेकवून सुरुवात केलीत.

"बादशहा गवंड्याला म्हनला, मला नदीच्या पोटात बसायचंय, पर भिजायचं न्हाय. गवंड्यानं जीव ओतून ही खोली बांधली. मग बादशहा आला त्यो पांढराशुभ्र अंगरखा घालून. म्हनला, सकाळधरनं दिवस मावळंपातुर हितं बसतो. अंगरख्यावर एक थेंब जरी दिसला तर तुझं मुंडकं ऱ्हात न्हाय. बसला. वर नदी धो धो चाललेली. दुपार झाली, कोरडा. चार वाजले, कोरडा. गवंडी आपला बाजूला हात जोडून उभा. आन् सूर्य बुडायला बोटभर ऱ्हायला तवा अंगरख्यावर टपकन एक थेंब पडला..."

इथं मी मधे बोलले. आदिलशाहीत चार कसे वाजले, हे मला केव्हाचं टोचत होतं. मी म्हटलं, "चाचा, पुरे. मुलांनो, असं काही घडल्याचा एकही पुरावा नाही. पुढं ऐकायची गरज नाही. वह्या काढा आणि खोलीचं माप लिहून घ्या."

पोरांची उघडी तोंडं उघडीच राहिली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. छत्री उचललीत, या हातातून त्या हातात घेतलीत, आणि म्हणालात, "बरं बाई." एवढंच. मग सगळी पोरं वर येईपर्यंत पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून एकेकाचा हात धरून त्यांना बाहेर घेतलंत. शेवटची मुलगी मात्र तुमचा हात न धरताच वर आली. खाली मान घालून, स्वतःच्या चपलांकडं बघत.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिचं नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं. नसरीन इस्माईल. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अगं, ती त्या किल्ल्यावरच्या चाचांचीच की!" मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर दरवाजाशी यायचं, चाचा चुकलं म्हणायचं, आणि घरी जायचं. पाच मिनिटांचं काम. मी त्याऐवजी दुकानात जाऊन ही वही घेतली. आपण चुकलो असं ज्याला म्हणायचं नसतं तो आपण बरोबर होतो याचे पुरावे गोळा करायला लागतो. मी इतिहासाची शिक्षिका, मला ते काम चांगलं जमत होतं.

तेव्हापासून तुमच्यामागं मी हात धुऊन लागले. रविवारी, सुट्टीत, पाहुणे आले की त्यांच्या निमित्तानं. तुम्ही बोलायचात, मी चार पावलं मागून लिहायची. तुमची थाप निळ्या शाईनं, माझा शेरा लाल शाईनं. उपळी बुरूज एवढा उंच का, याची माझ्याकडं नऊ कारणं आहेत. सोलापूरच्या नवपरिणीत जोडप्याला तुम्ही सांगितलंत, राणी माहेरी गेली की तिचा दिवा दिसावा म्हणून. हैदराबादकडच्या कुटुंबाला सांगितलंत, बादशहाच्या आईला ईदचा चंद्र सगळ्यांच्या आधी बघायचा होता म्हणून. धाब्यावरून आलेल्या ट्रक ड्रायव्हरांना सांगितलंत, जकात चुकवून पळणारे बैलतांडे लांबून दिसावेत म्हणून. ड्रायव्हर इतके खूश झाले की बुरजावर दोनदा चढले. त्या पानावर माझा शेरा आहे, "बुरूज टेहळणीसाठी. बाकी सर्व बनाव."

तुम्हाला वहीचं कळायला वेळ लागला नाही. उलट तुम्ही लोकांना माझी ओळख करून द्यायला लागलात. "ह्या बाई. म्या खोटं बोललो की लिवून घेतेत. जपून ऐका." लोक हसायचे आणि दुप्पट कान देऊन ऐकायचे. एखाद्या दिवशी मी नाही आले तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी यायचात. "काल एक लई ग्वाड थाप झाली बाई, तुमी नव्हता. सांगू का?" मी म्हणायची, नको, साक्षीदाराशिवाय नोंद घेत नाही. तरी तुम्ही सांगायचात आणि तरी मी लिहायची.

मग मी किल्ल्यावर एक छोटी पुस्तिका काढली. पुराव्यानिशी. सगळं मोजून, तपासून, चार वेळा वाचून छापली. तुम्हाला पहिली प्रत दिली. तुम्ही नसरीनकडून वाचून घेतलीत आणि आठवड्यानं मला नदीच्या खालच्या अंगाला नेऊन उभं केलंत. छत्री उचलून एका धबधब्याकडं केलीत, मग दुसऱ्याकडं. "आता तुमच्या पुस्तकातलं पान काडा." मी काढलं आणि जीभ चावली. मी धरणावर उभी राहून, नदीच्या वरच्या अंगानं डावं-उजवं लिहून घेतलं होतं, आणि पुस्तिकेत मात्र खालून बघणाऱ्याला वाट दाखवत होते. डावा तो उजवा झाला होता.

"बाई, तुमी नराची मादी केली," तुम्ही म्हणालात. "हे तर बादशहालाबी जमलं न्हवतं."

हसून हसून तुम्हाला ठसका लागला. मला वाटलं, झालं, आता गावभर. आणि खरोखर गावभर झालंच. फक्त कसं झालं ते मला दोन महिन्यांनी कळलं. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कुणी तरी माझी पुस्तिका चाळत होतं. टपरीवाला त्याला म्हणाला, त्या पानावर डावं-उजवं उलटं वाचा, चाचांनी सांगितलंय, छापखान्याची चूक हाय, बाई लई हुशार हायेत. तुम्ही दिसेल त्या प्रतीत पेननं दुरुस्ती करत होतात आणि प्रत्येकाला हेच सांगत होतात.

तुम्ही माझी चूक चारचौघांत झाकलीत. मी तुम्हाला तुमच्या पोरीसमोर उघडं पाडलं होतं. हा हिशेब मला तेव्हाच दिसला, पण मी काय केलं असेल? वही काढली आणि नोंद केली: "छापखान्याची चूक. थाप." लाल शेरा लिहायला पेन उघडलं आणि बंद केलं. त्या एका थापेसमोरची जागा अजून कोरी आहे.

एकदा शाळेनं परांड्याच्या किल्ल्याची सहल काढली तेव्हा तुम्हालाही घेतलं. दुसऱ्याचा किल्ला बघायला निघालात म्हणून तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता. तटावरच्या मोठ्या तोफेपाशी उभे राहिलात, इकडं-तिकडं बघितलंत. सांगायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, चाचा, फलक आहे की. तुम्ही म्हणालात, वाचा. मी वाचला.

"झालं?"

"झालं."

"आन् ही तोफ एकटी काय करायलीय हितं?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय! एवढा मोठा किल्ला, आन् मुका हाय बाई. त्याला बोलायला कुनीच न्हाय."

मी नेहमीप्रमाणं पुराव्याचं लेक्चर दिलं. म्हटलं, चाचा, एक खोटी गोष्ट शंभरदा सांगितली की खऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही. तुम्ही म्हणालात, "हौ, बरोबर हाय. पर माणूस गोष्टीपायी येतो, मग तुमचं खरं ऐकतो. नुसत्या खऱ्यापायी कोन दोन तास एसटीत बसंल?" यावर माझ्याकडं उत्तर होतं, आजही आहे. पण ते तुमच्यावर चाललं नसतं.

परतीच्या गाडीत पोरं झोपली होती. तुम्ही खिडकीशी होतात. मी मागच्या बाकावरून वाकून विचारलं, "चाचा, त्या थेंबाचं पुढं काय झालं?"

"कंचा थेंब?"

"पाणीमहालातला. अंगरख्यावरचा."

तुम्ही बाहेरच बघत म्हणालात, "ती गोष्ट तुमच्या वर्गात संपली, बाई."

तुम्ही रागानं बोलला नव्हतात, म्हणूनच ते जास्त लागलं. पुढं टपरीवाल्यानं सांगितलं, पूर्वी तुम्ही ती गोष्ट आल्या-आल्या सगळ्यांना सांगायचात, तुमची ठेवणीतली होती. माझ्या त्या सातवीच्या वर्गानंतर बंद झाली. मीही आठवून पाहिलं. पाणीमहालात उतरलात की तुम्ही लोकांना फक्त म्हणायचात, "बोलू नका, पाणी ऐका," आणि थोड्या वेळानं वर आणायचात. सगळ्या किल्ल्यावर तुम्ही बोलायचात, तेवढी एक खोली सोडून. आणि मी मूर्ख, त्याला तुमची शैली समजत होते. वहीतसुद्धा तसंच लिहिलंय: "पाणीमहाल. येथे चाचा थाप मारत नाहीत. कौतुकास्पद."

गेल्या वर्षी नसरीन घरी आली. तिचं सासर गावातच, ब्लाऊज शिवते, हातात कायम सुई-दोरा. म्हणाली, "बाई, अब्बा गोष्टीत अडकायलेत. राणीला बुरजावर चढवतेत आन् तिथंच सोडतेत. मग म्हनतेत, पुढं काय हुतं गं? लोकं हसायलेत." मग म्हणाली, "तुमच्याकडं मला इतिहासात कायम पस्तीस. पर अब्बांची ती वही तुमच्याकडं हाय ना?"

अब्बांची वही, म्हणाली ती. मी दुरुस्त केलं नाही.

मग दर दोन-तीन दिवसांनी, दुपारचं जेवण झालं की मी तुमच्याकडं यायची. तुम्ही खाटेवर, मी खुर्चीत, नसरीन दाराशी काहीतरी निवडत. मी वाचायची, "उपळी बुरूज, प्रकार पहिला." तुम्ही न्यायाधीशासारखे डोळे मिटून ऐकायचात. "ही चांगली हाय. कुनाची?" तुमचीच, चाचा. "असं? लई भारी." दुसरी वाचली की म्हणायचात, "ही बकवास हाय, फाडा." जी वही तुम्हाला खोटं पाडायला घेतली तिच्यातून मी तुमच्याच गोष्टी तुम्हाला परत देत होते. लाल शेरे मी वाचत नव्हते. एकदा तुम्हीच म्हणालात, "लाल बी वाचा की. तुमी काय म्हनता ते बी ऐकू द्या." वाचले. "टेहळणीसाठी. बाकी सर्व बनाव" यावर तुम्ही इतके हसलात की नसरीन धावत आली.

आणि एका दुपारी अचानक विचारलंत, "आन् ती थेंबाची?"

मी वहीतून मान वर केली.

"बादशहा. अंगरखा. थेंब पडतोय न्हवं का? पुढं काय हाय बघा की वहीत."

मी पानं उलटायला लागले. मला ठाऊक होतं, ती तिथं नाही. वही दुसऱ्या दिवशी घेतलेली. सगळ्या थापा लिहिल्या मी, आणि जी ऐकून घ्यायला हवी होती तीच तेवढी नाही, कारण मीच ती तोडली होती. आता तुमच्याकडंही नव्हती. जगात कुणाकडंच नव्हती. "वहीत नाही" एवढं खरं बोलायचं होतं. आयुष्यभर तेवढंच तर केलं होतं.

मी शेवटचं कोरं पान उघडलं, नसरीनला दिसू नये म्हणून वही छातीशी धरली, आणि वाचायला लागले.

"थेंब पडला. बादशहा उठला. तलवारीला हात घातला. गवंडी म्हणाला, खाविंद, हा थेंब नदीचा नाही. माझ्या कपाळाचा आहे. सकाळपासून हात जोडून उभा आहे, घाम पुसायला हात मोकळा नव्हता. पाय थकले, झोक गेला, तेवढ्यात पडला. बादशहा म्हणाला, कशावरून? गवंडी म्हणाला, चाखून बघा. बादशहानं बोटानं थेंब टिपला, जिभेला लावला. खारट. मग त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून नदीचं पाणी चाखलं. गोडं. तेव्हा बादशहानं तो अंगरखा अंगातून काढला आणि गवंड्याच्या खांद्यावर घातला."

तीस वर्षांच्या मास्तरकीत मी इतिहासाबद्दल पहिल्यांदा खोटं बोलले होते, तेही इतकं सविस्तर.

तुम्ही म्हणालात, "फिरून सांगा." मी फिरून सांगितली. कोऱ्या पानावर बोट फिरवत. तुम्ही डोळे उघडलेत.

"झकास हाय. पर ही थाप माझी न्हाय, बाई."

"वहीत आहे की, चाचा."

"असू द्या. माझ्या थापंत पुरावा नसतोय. हे चाखूनबिखून बघायचं काम तुमचं."

दाराशी नसरीनच्या हातातलं ताट थांबलं. मी विचारलं, "मग तुमची काय होती?"

"ते ठावं असतं तर तुमाला कशाला इचारलं असतं?" आणि हसलात, पूर्वीसारखे, खांदे हलवत. "लिवा आता. वहीत लिवा. लाल शाईनं."

मी लिहिली. तुमच्यासमोर बसून, लाल शाईनं, पूर्ण. तेव्हाच बोलायला हवं होतं. चाचा, त्या दिवशी मी चुकले, तुमच्या लेकीसमोर मी तुम्हाला गप्प केलं, मला माफ करा. तीस वर्षं हे वाक्य तोंडाशी होतं. नसरीननं चहा आणला. तुम्ही बशीत ओतून फुंकर मारलीत. माझ्या तोंडून आलं, "साखर कमी आहे का?" तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय." त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तुम्ही गेलात. त्या मधल्या दिवसांत मी आले, पण तुम्ही मला ओळखत नव्हतात. एकदा मात्र मला किल्ला बघायला आलेली पाहुणी समजून म्हणालात, "पायऱ्या ओल्या हायेत, हात धरा." मी धरला. ते तरी झालं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

परवाच्या रविवारी मी किल्ल्यावर गेले. कशाला ते सांगता येणार नाही, पाय वळले. दरवाजात कुणी नव्हतं. पाणीमहालाच्या पायऱ्या उतरताना खालून आवाज आला, नसरीनचा. मातमाला आलेले सोलापूरचे, हुमनाबादचे पाहुणे तिला म्हणाले होते म्हणे, मामूंची जागा तरी दाखव. ती त्यांना खाली घेऊन आली होती. दहा-बारा माणसं खिडकीशी मांडी घालून बसलेली, आणि ती उभी. तुमची छत्री भिंतीला टेकवलेली.

"अब्बा सांगायचे," ती म्हणत होती, "बादशहा बसला त्यो पांढराशुभ्र अंगरखा घालून. दुपार झाली, कोरडा. चार वाजले, कोरडा. गवंडी बाजूला हात जोडून उभा. आन् तिथं, त्या दारात, गवंड्याची पोर उभी हुती. बारा वर्सांची. बापाकडं बघत."

ही पोर तुमच्या गोष्टीत नव्हती. माझ्या थापेतही नव्हती. ती तिनं घातली होती.

"सूर्य बुडायला बोटभर ऱ्हायला तवा अंगरख्यावर टपकन एक थेंब पडला," ती म्हणाली, आणि दाराकडं बोट केलं, आणि दारात मी उभी होते. ती थांबली.

सगळे वळले. कुणीतरी विचारलं, ह्या कोण? ती म्हणाली, "आमच्या इतिहासाच्या बाई." एक पोक्त गृहस्थ आदरानं उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही जाणकार. खरंच असं झालं होतं का हो हितं?"

वरून नदी चालली होती. नसरीननं मान खाली घातली. बेचाळीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, आणि ती स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

त्या गोष्टीतला बादशहा कोण, हे मला तेव्हा कळलं, चाचा.

मी चपला काढल्या, त्या गृहस्थांच्या शेजारी जागा करून खाली मांडी घातली, आणि म्हटलं, "नसरीन, पुढं सांग."